सह्याद्रीची वीज आणि कायदा

वीज कशापासून होते, असा प्रश्न एखाद्या शाळकरी मुलास विचारला, तर पाणी, कोळसा, वारा, सूर्यप्रकाश अशी यादी तो सांगेल. उत्तर चुकीचें नाहीं. पण तें अपुरें आहे. पाणी डोंगरावर होतें, वारा पठारावर वाहत होता, सूर्य तर अनादि काळापासून तळपत होता. तरी युगानुयुगें त्यांपासून एका दिव्यापुरतीहि वीज निघाली नाहीं. यंत्रविद्या आली तेव्हां ही शक्ति माणसाच्या हातीं लागली हें खरें. परंतु यंत्र कोठें बसवावयाचें, त्याला किती पाणी द्यावयाचें, दिवसाच्या कोणत्या प्रहरीं तें फिरवावयाचें, आणि निघालेली वीज कोणीं कोणत्या भावानें घ्यावयाची, या प्रश्नांचीं उत्तरें यंत्रशास्त्राच्या ग्रंथांत सांपडत नाहींत. तीं सरकारी गॅझेटांत, लवादाच्या निवाड्यांत आणि करारांच्या कलमांत सांपडतात.

या विधानाची प्रचीति पाहण्यास सह्याद्रीसारखें ठिकाण क्वचितच मिळेल. कृष्णा, कोयना, भीमा, इंद्रायणी, मुळा या नद्या अरबी समुद्रापासून पन्नास मैलांच्या आंतबाहेर उगम पावतात. पण समुद्राकडे पाठ फिरवून त्या पूर्वेस वळतात, आणि शेंकडों मैलांचा प्रवास करून त्यांचें पाणी अखेर बंगालच्या उपसागरास मिळतें. उगमाजवळच हें पाणी अडवून, घाटाचा कडा पोखरून, पश्चिमेस कोंकणांत सोडलें, तर तें शेंकडों मीटर खालीं कोसळतें, आणि त्या कोसळण्यांत प्रचंड शक्ति असते. ही देणगी निसर्गाची. परंतु तिचा उपयोग करावयाचा तर तीन गोष्टी लागतात: तलावासाठीं जमीन, वळविण्यासाठीं पाणी, आणि विजेसाठीं ठरलेला भाव. यांपैकीं एकहि गोष्ट यंत्रज्ञाच्या हातीं नसते. जमिनीवर कसणाऱ्याचा हक्क असतो, पाण्यावर खालच्या खोऱ्यांतील लोकांचा हक्क असतो, आणि भाव अखेर ग्राहकाच्या खिशांतून जातो. हे हक्क कोणीं, केव्हां आणि कसे मोजले, यावर सह्याद्रींतील विजेचा सारा इतिहास घडला आहे.

प्रथम जमिनीची गोष्ट. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईच्या कापडगिरण्या कोळशावर चालत, आणि तो कोळसा फार दूरवरून आणावा लागे. १९१० सालीं टाटांची जलविद्युत् कंपनी स्थापन झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांचें पाणी घाटाखालीं खोपोलीस उतरविण्यांत आलें, आणि १९१५ सालीं खोपोलीची वीज मुंबईस पोंचली. पुढें १९२२ सालीं भिवपुरी आणि १९२७ सालीं भिरा अशीं आणखी दोन केंद्रें सुरू झालीं. यांपैकीं भिऱ्याच्या केंद्रास पाणी हवें होतें तें मुळशी पेट्यांत, नीला आणि मुळा या नद्यांवर धरण बांधून. पण तेथें भाताचीं शेतें होतीं, आणि पिढ्यान्‌पिढ्या तीं कसणारे मावळे होते.

एका खाजगी कंपनीस शेतकऱ्याची जमीन त्याच्या इच्छेविरुद्ध कशी मिळाली, हा येथें मुख्य प्रश्न आहे. त्याचें उत्तर १८९४ सालच्या भूसंपादन कायद्यांत आहे. कंपनीनें सरकारशीं करार करावा, आपलें काम लोकोपयोगी असल्याबद्दल सरकारची खात्री पटवावी, आणि मग सरकारनें आपल्या अधिकारानें जमीन घेऊन ती कंपनीच्या स्वाधीन करावी, अशी तरतूद त्यांत होती. जमीनधारकास भरपाईच्या रकमेबद्दल भांडतां येई. जमीन मुळांत घेण्यासच आपली हरकत आहे, असें रीतसर सांगण्याची सोय कायद्यांत १९२३ सालच्या दुरुस्तीनें झाली. मुळशीचा सत्याग्रह तर त्यापूर्वींच, १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं सुरू झाला होता. कायद्यांत 'नको' म्हणण्यास जागा नव्हती, म्हणून पेट्यांतील स्त्रीपुरुष बांधकामाच्या जागेवर जाऊन बसले. सेनापति बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनीं त्यांचें नेतृत्व केलें. ५२ गांवांच्या या लढ्यास महाराष्ट्रभर सहानुभूति मिळाली. पण १९२४ पर्यंत तो ओसरला आणि धरण पुरें झालें.

या लढ्यांत एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे. पुष्कळ जमिनी कागदोपत्रीं सावकारांच्या नांवें लागलेल्या होत्या, आणि त्यांतील बरेच सावकार पुण्यांत राहत. त्यांच्या दृष्टीनें जमीन म्हणजे एक रक्कम होती; योग्य भाव आला कीं ती सोडण्यास त्यांची ना नव्हती. कसणाऱ्या मावळ्यास ती जमीन म्हणजे अन्न, घर आणि देव होती. कायदा कागद पाहतो. कागदावर ज्याचें नांव नाहीं त्याच्याशीं तो बोलतच नाहीं. मुंबईचीं चाकें फिरूं लागलीं, शहराच्या हवेंतील धूर कमी झाला, गिरणीमालकांचा खर्च वांचला. हे सर्व लाभ खरे होते. पण ज्या खोऱ्यानें आपलें घर बुडविलें, त्याला त्या विजेंत कायमचा वांटा देणारें एकहि कलम कायद्यांत नव्हतें. वीज स्वस्त पडली, याचें एक कारण असें कीं तिच्या किंमतींतील एक मोठी रक्कम हिशोबाच्या वहींत कधीं लिहिलीच गेली नाहीं.

तो १८९४ चा कायदा १ जानेवारी २०१४ पर्यंत, म्हणजे जवळ जवळ १२० वर्षें, अंमलांत राहिला. त्याच्या जागीं जो नवा कायदा आला त्यांत खाजगी कंपनीसाठीं जमीन घ्यावयाची तर बाधित कुटुंबांपैकीं शेंकडा ८० कुटुंबांची संमति मागितलेली आहे. मुळशीच्या मावळ्यांनीं जो प्रश्न विचारला होता, त्याला कायद्याच्या भाषेंत उत्तर मिळण्यास नव्वदांवर वर्षें लागलीं.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि तिचें उदाहरण कोयनेचें. स्वातंत्र्यानंतर वीजनिर्मितीचा भार मुख्यत्वें राज्यांच्या सरकारांवर आला. १९४८ सालच्या वीजपुरवठा कायद्यानें राज्यांच्या वीज मंडळांचा पाया घातला, आणि १९६० सालीं महाराष्ट्र राज्य वीज मंडळ अस्तित्वांत आलें. सातारा जिल्ह्यांत कोयना नदीवर धरण बांधून तिचें पाणी बोगद्यांतून कोंकणांत पोफळीच्या भूमिगत केंद्रांत सोडण्याची योजना १९५० नंतरच्या दशकांत हातीं घेण्यांत आली, आणि १९६२ पासून तेथें वीज निघूं लागली. पोफळीस पाणी सुमारें ४७५ मीटर खालीं पडतें. त्यानंतर तें कोळकेवाडीच्या धरणांत सांठतें, तेथील केंद्रांत पुन्हां वीज देतें, आणि मग वाशिष्ठी नदीवाटे चिपळूणवरून समुद्रास मिळतें. एक अब्ज घनफूट पाणी पोफळीच्या उंचीवरून सोडलें, तर यंत्रांतील घट धरूनहि त्यापासून सुमारें सव्वातीन कोटी युनिट वीज मिळावी, असें गणित सांगतें. त्या दृष्टीनें कोयनेचा तलाव म्हणजे विजेची टांकसाळच होय.

मग ही टांकसाळ अष्टौप्रहर कां चालत नाहीं? तलाव भरलेला असतांना यंत्रें कां थांबतात? त्याचें उत्तर धरणाच्या भिंतींत नाहीं. कोयना कृष्णेची उपनदी, आणि कृष्णा एकट्या महाराष्ट्राची नव्हे. कोंकणांत सोडलेला प्रत्येक थेंब खालच्या खोऱ्यांतून कायमचा वजा होतो. तो कऱ्हाडास दिसत नाहीं, सांगलीस दिसत नाहीं, कर्नाटकांत आणि आंध्रांतहि दिसत नाहीं. या भांडणाचा निकाल लावण्यासाठीं केंद्र सरकारनें १९६९ सालीं न्यायमूर्ति बचावत यांच्या अध्यक्षतेखालीं लवाद नेमला. त्याचा अहवाल १९७३ सालीं आला, आणि अंतिम निवाडा १९७६ सालीं प्रसिद्ध झाला. खोऱ्यांतील २,०६० अब्ज घनफूट पाण्यापैकीं महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० आणि आंध्र प्रदेशास ८०० अब्ज घनफूट पाणी देण्यांत आलें. त्याच निवाड्यांत कोयनेच्या विजेसाठीं खोऱ्याबाहेर पश्चिमेस वळवावयाच्या पाण्याला मर्यादा घातली गेली. कांहीं वर्षें अधिक पाणी वापरण्याची सवलत देऊन ती हळूहळू खालीं आणली, आणि अखेर वर्षास ६७.५ अब्ज घनफूट हा आंकडा कायम झाला. हें वर्ष १ जूनला सुरू होतें आणि ३१ मेला संपतें. कोयनेच्या अभियंत्यांचें पंचांग तेव्हांपासून पावसाळ्याबरोबर या निवाड्यानेंहि बांधलेलें आहे.

या एका आंकड्यानें कोयनेचें रूप कसें पालटलें तें पाहण्याजोगें आहे. पाणी वाढणार नाहीं हें ठरल्यावर वीज वाढविण्याची वाट बंद झाली, असें वरवर वाटेल. पण राज्यानें निराळा विचार केला. विजेची मागणी दिवसभर सारखी नसते. सकाळीं आणि विशेषतः सायंकाळीं ती एकदम चढते. कोळशाचें केंद्र एकदम चढवितां येत नाहीं. बाष्पयंत्राचा बंब तापण्यास वेळ लागतो. पाण्याचें यंत्र मात्र कांहीं मिनिटांत पूर्ण वेग घेतें. तेव्हां मोजकें पाणी दिवसभर थोडें थोडें सोडण्यापेक्षां निकडीच्या तासांसाठींच राखून ठेवावें, आणि त्या तासांत तें धोधो सोडतां येईल एवढीं मोठीं यंत्रें बसवावीं, असें ठरलें. १३ मार्च १९९९ रोजीं भरल्या तलावाच्या तळाशीं खडक फोडून बोगदा जोडण्याचें अवघड काम पार पडलें, आणि चौथ्या टप्प्याचीं २५० मेगावॅटांचीं चार यंत्रें उभीं राहिलीं. कोयना प्रकल्पाची एकंदर शक्ति १,९६० मेगावॅटांपर्यंत गेली. पाणी मात्र तेवढेंच राहिलें. कोंकणाकडील सर्व यंत्रें एकदम पूर्ण वेगानें चालविलीं, तर निवाड्यांतील पाणी सरासरीनें दिवसाचे सुमारें चारच तास पुरेल, असा ढोबळ हिशोब निघतो. ज्या केंद्राचा मूळचा हेतु गिरण्यांना आणि गांवांना नित्याची वीज देण्याचा होता, तें केंद्र अशा रीतीनें महाराष्ट्राच्या सायंकाळचें केंद्र बनलें. यंत्रें किती मोठीं असावींत आणि तीं केव्हां फिरावींत, हें लवादाच्या लेखणीनें ठरविलें.

या हिशोबाला दुसरीहि एक बाजू आहे. कोयनेचें जें पाणी पूर्वेस सोडलें जातें तें कऱ्हाडापाशीं कृष्णेस मिळतें. ताकारी, टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजना तेथून खालीं कृष्णेचें पाणी उचलून सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांच्या कोरड्या तालुक्यांत नेतात. तें पाणी चढाच्या टप्प्याटप्प्यांनीं वर चढवावें लागतें, आणि त्यासाठीं पंप लागतात, म्हणजे वीज लागते. एकाच तलावाचें पाणी पश्चिमेस गेलें तर वीज देतें, पूर्वेस गेलें तर वीज मागतें. निव्वळ विजेचा ताळेबंद मांडणारा मनुष्य म्हणेल कीं सारें पाणी पश्चिमेसच सोडावें. पण आटपाडीच्या डाळिंबाच्या झाडास युनिटांचा ताळेबंद कळत नाहीं. त्याला पाणी लागतें. निवाड्यानें घातलेली मर्यादा कोयनेच्या यंत्रांस जाचक असली, तरी दुष्काळी माणदेशाच्या दृष्टीनें तीच आधार आहे. नियम चांगला कीं वाईट, हें ठरवितांना प्रथम कोणाच्या अंगणांत उभें राहून पाहावयाचें, हें ठरवावें लागतें.

आणि ज्यांचें अंगणच तलावाखालीं गेलें, त्यांचें काय? कोयनेचे विस्थापित उठले तेव्हां त्यांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा राज्यांत नव्हता. असा कायदा महाराष्ट्रानें १९७६ सालीं केला. तो देशांतील पहिला म्हणून गौरविला गेला, आणि तो गौरव योग्यच होता. पण कोयनेचें पाणी त्यापूर्वींच चढलें होतें. उशिरां आलेला कायदा मागें वळून सर्वांस कवेंत घेत नाहीं. जमिनीच्या बदल्यांत जमीन मिळावी म्हणून कोयनेच्या धरणग्रस्तांस पुढें दोन-तीन पिढ्या अर्ज करावे लागले. वीजकेंद्राच्या हिशोबांत यंत्राचा झिजणारा प्रत्येक स्क्रू लिहिला जातो. या अर्जांचा कागद मात्र कोणत्याहि खात्यांत बसत नाहीं.

तिसरी गोष्ट भावाची. १९९१ सालीं वीजनिर्मितीचें क्षेत्र खाजगी आणि परदेशी भांडवलास खुलें झालें. ८ डिसेंबर १९९३ रोजीं महाराष्ट्र राज्य वीज मंडळानें, एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या पुढाकारानें निघालेल्या दाभोळ वीज कंपनीशीं खरेदीचा करार केला. केंद्र उभें राहावयाचें होतें गुहागर तालुक्यांत, अंजनवेलीच्या किनाऱ्यावर. स्पर्धेच्या निविदा न मागवितां, वाटाघाटींनीं हा करार ठरला. दर बऱ्याच अंशीं डॉलरशीं बांधलेला होता. आणि केंद्र चालण्यास सज्ज असलें, कीं मंडळानें वीज घेतली काय किंवा न घेतली काय, स्थिर आकार देणें भाग होतें.

या कलमाचा अर्थ साध्या दृष्टांतानें कळेल. एखाद्या गृहस्थानें दिवसभरासाठीं टांगा ठरविला आणि दिवसभराचें भाडें कबूल केलें. तो दहा फेऱ्या करील तर प्रत्येक फेरी स्वस्त पडेल. दोनच करील तर तीच फेरी पांचपट महाग होईल. आणि घरींच बसला तरी भाडें चुकणार नाहीं. मंडळाची हीच गत झाली. दाभोळची वीज महाग म्हणून मंडळानें ती कमी घेतली. कमी घेतली म्हणून तिचा दर युनिटमागें अधिकच चढला. आणि दर चढला म्हणून ती आणखी कमी घेणें भाग पडलें. ऑगस्ट १९९५ मध्यें राज्यांत नव्यानें आलेल्या सरकारनें करार रद्द केला होता. १९९६ सालीं त्याच सरकारनें नव्या वाटाघाटी करून तो पुन्हां मान्य केला. मे १९९९ मध्यें ७४० मेगावॅटांचा पहिला टप्पा सुरू झाला, आणि मे २००१ मध्यें, अवघ्या दोन वर्षांत, तो बंद पडला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत एन्रॉन कंपनीनें अमेरिकेंत दिवाळें काढलें. पुढें २००५ सालीं सरकारी कंपन्यांच्या पुढाकारानें नवी कंपनी काढून तें केंद्र ताब्यांत घ्यावें लागलें. समुद्र तेथें होता, बंदर होतें, यंत्रें उत्तम होतीं, कुशल माणसें होतीं. एका कराराच्या वजनाखालीं तीं सर्व निकामी झालीं.

सरकारी नियमांनीं उद्योगाची वाट अडते, असें पुष्कळ वेळां म्हटलें जातें. परवान्यांची रीघ, मंजुऱ्यांचे खेटे, कागदांचे ढीग पाहिले म्हणजे त्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें म्हणवत नाहीं. परंतु दाभोळचें उदाहरण उलट बाजूचें आहे. तो करार झाला तेव्हां सर्वांदेखत त्याची छाननी करील, मंडळाला आणि कंपनीला सारखेच प्रश्न विचारील, अशी तटस्थ संस्था राज्यांत नव्हती. अंजनवेल-वेलदूरच्या लोकांनीं विरोध केला तो रस्त्यावर, आणि अर्थशास्त्रज्ञांनीं शंका काढल्या त्या वर्तमानपत्रांत. दोहोंसहि ऐकून घेणें ज्याला बंधनकारक होतें असा अधिकारी कोणीच नव्हता. आरंभीं चार महिन्यांची उघड सुनावणी झाली असती, तर पुढचीं कित्येक वर्षें वांचण्याचा संभव होता.

ती उणीव १९९८ सालच्या केंद्रीय कायद्यानें भरून निघूं लागली. १९९९ सालीं महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला, आणि मे २००० मध्यें त्यानें वीज मंडळाच्या दरांबद्दल आपला पहिला निर्णय दिला. त्या सुनावणींत मुंबई ग्राहक पंचायत आणि पुण्याची प्रयास यांसारख्या संस्था ग्राहकांच्या बाजूनें उभ्या राहिल्या. वीज कोठें मुरते, गळती किती, शेतीच्या नांवावर किती युनिट लिहिले जातात, हे प्रश्न प्रथमच चारचौघांत विचारले गेले. २००३ सालच्या वीज कायद्यानें दराचा अर्ज प्रसिद्ध करणें आणि लोकांच्या हरकती विचारांत घेणें बंधनकारक केलें. भाव अजूनहि सर्वांस रुचतील असे असतात असें नाहीं. पण ते कां वाढले, याचें कारण आयोगास लिहून द्यावें लागतें. लिहून द्यावें लागणें ही लहान गोष्ट नव्हे.

भाव ठरविण्याची ही सत्ता किती बलवत्तर असते, हें पाटण तालुक्यांतील वनकुसवड्याच्या पठारावर दिसतें. तेथील वारा कांहीं नवीन नव्हता; गुराख्यांनीं तो पिढ्यान्‌पिढ्या अंगावर घेतला होता. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस केंद्राच्या प्राप्तिकराच्या आणि राज्याच्या विक्रीकराच्या सवलती मिळूं लागल्या, आणि त्या ओसाड पठारावर पवनचक्क्यांचें वन उभें राहिलें. नोव्हेंबर २००३ मध्यें आयोगानें नव्या पवनचक्क्यांच्या विजेस पहिल्या वर्षीं युनिटमागें ३ रुपये ५० पैसे, आणि त्यापुढें दर वर्षीं १५ पैशांची वाढ, असा दर १३ वर्षांसाठीं ठरवून दिला. पवनचक्कीस कोळसा विकत घ्यावा लागत नाहीं. तिचा बहुतेक सारा खर्च आरंभींच होतो. अशा धंद्यांत पुढील तेरा वर्षांच्या भावाची हमी हेंच खरें इंधन होय. सातारा, सांगली, धुळें या जिल्ह्यांत पवनचक्क्या वाढल्या त्या या इंधनावर.

पुढें भाव ठरविण्याची रीतच बदलली. फेब्रुवारी २०१७ मध्यें देशांतील पवनविजेचा पहिला मोठा लिलाव झाला आणि युनिटमागें ३ रुपये ४६ पैसे एवढ्या दरावर बोली थांबली. लिलावांत जो सर्वांत कमी दर मागेल तो जिंकतो, आणि सर्वांत कमी दर त्यालाच परवडतो ज्याच्याजवळ सर्वांत जोराचा वारा आहे. तेव्हां नवीं कामें गुजराथ आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यांकडे वळलीं. सातारच्या पठारावरील वारा मंदावला नव्हता. त्याला मिळणारा भाव मंदावला होता. प्रदेशाचें ऊर्जेच्या नकाशावरील स्थान एका नियमानें कसें चढतें आणि दुसऱ्यानें कसें उतरतें, याचें याहून स्पष्ट उदाहरण सांपडणें कठीण.

राहतां राहिला गांव. मुळशीपासून वनकुसवड्यापर्यंत वीज गांवांत निर्माण झाली. पण तिच्यासंबंधींचे नियम मुंबईंत आणि दिल्लींत झाले. या बाबतींत एका अलीकडच्या योजनेची दखल घेणें इष्ट आहे. शेतकऱ्यास रात्रीं वीज मिळे. काळोखांत, विंचू-सापांच्या भयांत, पिकास पाणी देण्यास त्याला उठावें लागे. दिवसा वीज देतां यावी म्हणून राज्यानें २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. गांवाजवळच्या उपकेंद्रालगत लहान सौरकेंद्रें उभारावीं आणि त्यांची वीज तेथल्या तेथें शेतीपंपांस द्यावी, अशी ही कल्पना आहे. २०२३ सालीं आलेल्या तिच्या दुसऱ्या रूपांत जमीन घेण्याची रीत लक्षांत ठेवण्याजोगी आहे. खाजगी जमीन विकत किंवा सक्तीनें न घेतां भाड्यानें घ्यावयाची. हेक्टरी वर्षास किमान १ लाख २५ हजार रुपये भाडें द्यावयाचें, आणि तें दर वर्षीं शेंकडा ३ नें वाढवावयाचें. शिवाय ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दींत केंद्र उभें राहील तिला तीन वर्षें दर वर्षीं ५ लाख रुपये द्यावयाचे, असें त्यांत ठरलें.

मुळशीच्या करारापुढें हीं कलमें ठेवलीं म्हणजे शंभर वर्षांत काय बदललें तें दिसतें. जमीन देणाऱ्याचा जमिनीशीं संबंध तुटत नाहीं, गांवास उत्पन्न मिळतें, आणि निघालेली वीज प्रथम गांवाच्याच शिवारांत फिरते. तथापि सारेंच प्रश्न सुटले असें मानूं नये. जेथें केंद्रासाठीं सरकारी जमीन दिली जाते तेथें ती पुष्कळदां गायरान असते. गायरानाचा सातबारा सरकारच्या नांवावर असला, तरी त्यावर चरणारीं गुरें ज्याच्या घरीं शेत नाहीं त्याचीं असतात. भाड्याची रक्कम त्याच्या हातीं येत नाहीं. चराऊ रान मात्र त्याचें जातें. कागदावर ज्याचें नांव नाहीं त्याच्याशीं कायदा बोलत नाहीं, ही मुळशींत दिसलेली खोड अजून पुरती गेलेली नाहीं. ग्रामसभेनें ठराव करण्यापूर्वीं गुराख्यासहि बोलवावें, एवढी साधी गोष्ट नियमांत आली, तर ती खोड कांहींशी आटोक्यांत येईल.

सह्याद्रीच्या या कहाणीवरून एक निष्कर्ष निघतो. वीजनिर्मितीचा नियम म्हणजे यंत्राभोंवतीं घातलेलें कुंपण, ही समजूत अपुरी आहे. पाण्याच्या झोताइतकाच नियम यंत्र फिरवितो आणि थांबवितो. त्याचा वेग ठरवितो, त्याची वेळ ठरवितो, त्याचें गांव ठरवितो. मग असा नियम करतांना कोणास विचारावयाचें, हा प्रश्न गौण राहत नाहीं. मुळशींत कसणाऱ्यास विचारलें नाहीं, आणि त्याचें मोल त्यानें दिलें. दाभोळांत ग्राहकास विचारलें नाहीं, आणि त्याचें मोल साऱ्या राज्यानें दिलें. कोयनेच्या पाण्याबाबत तिन्ही राज्यांस विचारलें गेलें. निकाल सर्वांस कडू लागला, तरी तो टिकला, आणि त्याच्या चौकटींत राहूनच अभियंत्यांनीं आपली सर्वांत कल्पक कृति करून दाखविली. विचारून केलेला नियम जाचक असला तरी त्यावर काम उभें राहतें. न विचारतां केलेला नियम सोयीचा असला तरी तो एक ना एक दिवस मोडतो.

सौरशक्तीच्या आणि पाणी पुन्हां वर चढवून सांठविण्याच्या नव्या योजनांसाठीं सह्याद्रीच्या माथ्यावर पुन्हां मोजणीच्या साखळ्या पडत आहेत. तेथें किती मेगावॅट निघतील याचा अंदाज यंत्रज्ञ देतील, आणि तो बहुधा बरोबर असेल. पण त्या मेगावॅटांचा दिवा कोणाच्या घरीं लागेल, आणि त्याची वात कोणाच्या शिवारांतून काढली जाईल, हें ठरविणारे कागद ज्या दिवशीं लिहिले जातील, त्या दिवशीं त्या शिवारांतील माणूस कचेरींत हजर असला पाहिजे.